कोठीच्या जागी फळी

डोंगरकडा
ता. कळमनुरी, जि. हिंगोली
रविवार, ८ जून

चि. सौ. मिनाला,

आत्याचा पोटभर आशीर्वाद. माझ्या लेकाला, योगेशलाही, आन् नातीला, पुनमला, दोन्ही गालांवर. इकडं मी, शेळी आन् शेजारची जैनबबी, तिघी खुशाल. पत्र लिहायला कारण आहे, पण ते मागून सांगते. आधी घरातलं सांगते. घरातलं सांगायची मला एवढी हौस आलीय की दोन दिवस झाले, हातातलं काम टाकून मधीच उठते, आतल्या खोलीत जाते, फळीकडं बघते आन् परत येते.

फळीचं पुढं येईलच.

पत्र बघून घाबरू नको. फोन चांगला आहे. पण तुमच्याकडं फोन उचलला की तो मोठ्यानंच बोलतो. पुनम बाजूला असते, योगेश जेवता जेवता मधी तोंड घालतो, आन् मी जे सांगायला जाते ते राहून जातं, शेळीचंच काहीतरी सांगून ठेवून देते. ह्या उन्हाळ्यात तीनदा तसं झालं. तू विचारलंस सुद्धा, "आत्या, आणखी काही बोलायचं होतं का?" मी म्हणलं, न्हाई, शेळीचंच.

हा कागद पुनमच्या नव्या वहीचा नाही, भिऊ नको. दिवाळीत तिनं मला ज्या वहीत अक्षरं गिरवायला लावली तिचीच मागची पानं आहेत. माझी शाळा तिसरीत सुटली, त्याला पन्नास वरसं झाली, होतं नव्हतं ते पुसून गेलं होतं. त्या पोरीनं पंधरा दिवसांत वर काढलं. लाल पेन घेऊन माझ्यापुढं बसायची. "आज्जी, बोलते तसं लिहू नको. न्हाईचं नाही लिही." जमंल तिथं लिहिते, जमत नाही तिथं तू समजून घे. तेव्हापासून रोज अर्धं पान लिहिते. आधी डब्यांवरची नावं उतरवली, मंग बसच्या पाट्या, मंग पेपरात भजे बांधून येतात तो पेपर.

शाळा सोळा तारखेला भरणार. मी स्वतः जाऊन विचारून आले. तुमी चौदाला सकाळी ट्रॅव्हल्सनं उतरणार, म्हणजे हातात सहाच दिवस. टीसी, आधार कार्डाची झेरॉक्स आन् फोटो एका पिशवीत ठेव, आन् ती पिशवी योगेशकडं देऊ नको. शाळेतले सर म्हणले, "पुण्याची पोरगी इथं काहून आणून राहिले तुमी?" मी म्हणलं, "आईबाप दोघं कंपनीत, पाळी बदलती. लेकरू कुलूप उघडून संध्याकाळपर्यंत एकटं घरात बसतं. इथं मी हाय की." ते 'मी हाय की' म्हणताना माझा आवाज एवढा मोठा झाला, बाहेरून शिपाई डोकावला.

आता फळी. संतराम सुतार आला आन् न विचारता फळी स्वतःच्या खांद्याएवढी ठोकून मोकळा झाला. मी म्हणलं, "अरे, पोरीनं पुस्तक काढायला शिडी लावायची का?" तो म्हणला, "पोरगी केवढी हाय?" मी हात धरून दाखवला, एवढी. त्यानं काढली, खाली ठोकली, गेला. तो गेल्यावर माझ्या डोक्यात आलं, मी हात धरला तो दिवाळीतला. लेकरू सात महिने तेवढंच राहतं व्हय? परत बोलावलं. संतराम खिळे तोंडात धरून म्हणला, "काकू, पोरगी येऊ द्या, भिताडाला उभी करा, मंग ठोकतो. न्हाई तर तुमच्या भिताडाची चाळणी व्हईल." मी म्हणलं, "ती दारात आली की फळी तयार पाहिजे. दप्तर खांद्यावरून काढलं आन् ठेवायला जागा न्हाई, असं मला नको." तिसऱ्यांदा ठोकली. खालची-वरची भोकं मी चुन्यानं बुजवली, तरी दिसतात. फळीखाली तीन खुंट्या आहेत. एक दप्तराला, एक पाण्याच्या बाटलीला, आन् एक उगीच. तिला काय लावायचं ते ती ठरवंल.

वह्यांना मी खाकी कव्हरं घातली. सहा वह्या. हात घासून घासून धुतले तरी प्रत्येक कव्हरावर पिवळा अंगठा उठलाच. हळद शिजवा, वाळवा, झाडा, ती नखातली हळद काय साबणाला ऐकते? जैनबबी वह्या बघून कमरेवर हात ठेवून म्हणली, "अगे प्रयाग, पोरी शाळेकू जा रई क्या ससुराल कू? सब वह्यांकू हल्दी लगा दी तू!" मी पण हसले. तिची सून गुलनाज गणवेश शिवणार आहे. उंची, खांदा आन् कंबर कळव. मी दिवाळीचा फ्रॉक मापाला नेला, तर गुलनाज म्हणली, "काकी, इसका तो झबला होगा."

सगळ्यात मोठं काम झालं कोठीचं. आतल्या खोलीतली हळदीची पोती पडवीत काढली, ते सोपं. पण ज्वारीची पत्र्याची कोठी तुला ठाऊक आहे, तुझ्या मामांनी नांदेडहून आणलेली, बरोबर खिडकीखाली बसवलेली. एवढी वरसं सगळा उजेड ज्वारीला, आन् आपण अंधारात निवडत बसायचो. मी म्हणलं, आता त्या उजेडात पोरगी बसंल. संतराम आन् त्याचा भाऊ, दोघांनी जोर लावला. कोठी हलली तशी मला धाप लागली, ढकलून ते राहिले होते आन् धाप मला. मामा असते तर म्हणले असते, हिला काय येड लागलं.

कोठीमागं काय काय निघालं म्हणून सांगू! तुझी हिरवी बांगडी, अख्खी. पुनमचा खुळखुळा. उंदरानं केलेलं घर. आन् तुझा बारावीचा मार्कमेमो. तोच, नऊ वरसांमागं हरवला होता तो. अंगणवाडीच्या जागेचा फॉर्म भरायचा होता तेव्हाचा. सापडला एकदाचा.

तर बुटांचं सांगते. बूट इथं घेऊ नका, पुण्यातच घ्या, पण घेताना बोटभर मोठे घ्या. इथं बाजारात मिळतात ते पंधरा दिवसांत तोंड उघडतात. मोजे मात्र इथं आहेत, मी दोन जोड घेतले. डबा घेतला, दोन कप्प्यांचा. तिला भाजीचं पाणी पोळीला लागलेलं चालत नाही हे मला माहीत आहे. सकाळी ती सायकलवर जाईल का चालत, हे तू ठरव. चालत गेली तर मी कोपऱ्यापर्यंत जाणार, लाजली तरी जाणार.

आन् एक गावातली बातमी. आपल्या अंगणवाडीची आशाबाई पोराकडं नाशिकला चालली. कायमची. जागा रिकामी झालीय, पंचायतीच्या भिंतीवर कागद लागलाय. मी उभी राहून अख्खा वाचला, बोट लावून लावून. बारावी पास पाहिजे, गावची रहिवासी पाहिजे, वय पस्तिसाच्या आत. तुझं तेहतीस. फॉर्म पंचवीस जूनपर्यंत कळमनुरीच्या हापिसात. मी काही म्हणत नाही. नुसतं कळवलं.

शेळी ओरडतीय, बघून येते.

सोमवार, सकाळ

काल उठले ती उठलेच. शेळी ओरडत नव्हती, चांगली बांधलेली होती. मी पडवीत गेले, पोती मोजली, परत आले. फळी पुसली. फळीवर काही नाही तर धूळ कुठली, तरी पुसली. मंग पेन हातात घेतलं आन् परत ठेवलं.

मिना, कोठीमागं बांगडी निघाली, खुळखुळा निघाला. मार्कमेमो निघाला न्हाई. तो कुठं आहे ते मला नऊ वरसं माहीत होतं.

आता लिहूनच टाकते. मधी थांबले तर परत शेळीकडं जाईन.

तुला बचत गटाची ती बैठक आठवते का मला माहीत नाही. मला आठवते. मारुतीच्या पारावर, सगळ्या बाया होत्या. बँकेच्या माणसानं कागद वाटले. मी पण घेतला, डोळ्यांपुढं धरला, मान हलवून राहिले, जसं काय सगळं कळून राहिलं. तू माझ्या शेजारी होतीस. तू हात पुढं केलास, माझ्या हातातला कागद फिरवलास, सरळ केलास आन् परत माझ्या हातात दिलास. बाया हसल्या. तू हसली नाहीस. तू हसली असतीस तर मी घरी येऊन भांडले असते आन् मोकळी झाले असते. तू तोंडातून एक शब्द काढला नाहीस, म्हणून ते माझ्या पोटात तसंच राहिलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी अंगणवाडीची जागा निघाली. सगळे म्हणायला लागले, मिना शिकलेली आहे, तिलाच मिळंल. मामा पण म्हणले, सूनबाई मॅडम होईल. मी भाकरी थापत होते. मी म्हणलं, मॅडम झाली तर हळद कोण शिजवील? सगळ्यांना वाटलं मी कामाचं बोलून राहिले. कामाचं नव्हतं ते. तू रोज रजिस्टर घेऊन बसशील, बाया तुझ्याकडं सह्या घ्यायला येतील, आन् मी घरात उलटा कागद धरलेली बाई. एवढंच होतं. ह्याच्यापेक्षा मोठं काही कारण असतं तर मला सांगायला बरं वाटलं असतं.

तू आंघोळीला गेली होतीस. झेरॉक्स काढायला कळमनुरीला जायचं म्हणून फाईल दारात उघडून ठेवली होतीस. पुनम दोन वरसांची, तिथंच खेळत होती. मी मार्कमेमो उचलला. चूल पेटलेली होती, पुढं जाऊन उभी राहिले. टाकवला नाही. त्यावर शिक्का होता, तुझं नाव होतं, मला वाचता येत नव्हतं तरी त्यातलं तुझं नाव कोणतं ते मला कळत होतं. चुलीत नाही टाकला म्हणून मी काही चांगली होत नाही. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घातला, वरून हळकुंडं घातली, डबा माझ्या लुगड्यांच्या पेटीत तळाला.

मंग तू घर पालथं घातलंस. मी पण तुझ्यासंगं शोधलं. मी पण शोधलं, मिना. वाकून वाकून, माचाखाली, चुलीमागं.

तेवढ्यात पुनमच्या तोंडात ओल्या कागदाचा गोळा सापडला. कुठल्यातरी जुन्या वहीचा होता. कोणीतरी म्हणलं, पोरीनं खाल्ला वाटतं. कोणीतरी नाही. मीच म्हणले.

तू तिच्या पाठीत धपाटा घातलास. ती श्वास धरून रडली. मंग तू तिला उराशी धरून स्वतःच रडायला लागलीस, तिच्यापेक्षा मोठ्यानं. मी पाण्याचा तांब्या आणून दिला. दुसरा मेमो काढायचा तर औरंगाबादला बोर्डात जायचं, आन् फॉर्मला चार दिवस राहिलेले. मामा म्हणले, राहू दे, नशिबात नाही. जागा आशाबाईला गेली. पुढच्या वरसाला तुमी पुण्याला गेले.

आन् आमी पोरीचं नाव पाडलं, कागदखाऊ. लाडानं. ते नाव पण माझंच. सगळे हसायचे, ती पण हसायची. मला वाटलं, लेकराला काय कळतंय.

दिवाळीत मला लिहायला शिकवताना एकदा माझं पान बिघडलं. मी फाडायला गेले तर ती केवढ्यानं ओरडली, "आज्जी, फाडू नको!" मी दचकले. तिनं दप्तरातून एक पिशवी काढून मला दाखवली. त्यात काय होतं, बसची तिकिटं, चॉकलेटचे कागद, खाडाखोड केलेली पानं, दुकानाच्या चिठ्ठ्या. सगळं हातानं सरळ करून ठेवलेलं. मी म्हणलं, "हा कचरा काहून सांभाळून राहिली गं?" ती म्हणली, "मी लहानपणी आईचा कागद खाल्ला ना, मंग मी ठरवलं, आता एकबी कागद टाकायचा नाही." मंग म्हणली, "आज्जी, आई माझ्यामुळंच मॅडम झाली नाही ना?"

मी तिला काय म्हणलं माहीत आहे? मी म्हणलं, चल, चकल्या निवल्या असतील.

दिवाळीपासून आजपर्यंत सात महिने. अक्षर शिकण्याची मला एवढी घाई काहून होती, ते तुला आता कळलं असंल. दुसऱ्याच्या हातानं हे लिहून घेता येत नव्हतं.

मेमो ह्या पाकिटात आहे. दरसाल नवी हळद आली की मी डब्यातली जुनी हळकुंडं काढून नवी टाकायचे, कसर लागू नये म्हणून. म्हणजे दरसाल तो कागद हातात घ्यायचे आन् परत ठेवायचे. नऊ वेळा. कडा पिवळ्या पडल्यात, वास येतो, पण अक्षर एकही गेलं नाही. काल पहिल्यांदा वाचला. मराठीत तुला एवढे मार्क होते हे मला माहीत नव्हतं.

माझ्या मनात आलं होतं, मेमो इथंच ठेवावा, म्हणजे तो घ्यायला तरी तू येशील आन् पोरीला आणशील. असं मनात आलं म्हणून तर आजच पाठवून राहिले. रजिस्टर करून. पोस्ट दुपारी बंद होतं, त्याच्या आत जाते. गुरुवारपर्यंत पोचंल म्हणतात. तुमची गाडी शुक्रवारची. गाडीत बसायच्या आधी तुला कळलं पाहिजे, कोणाच्या घरात पोरगी ठेवून राहिलीस.

नको वाटलं तर ठेवू नको. मी कोणाला बोल लावणार नाही, योगेशलाही सांगीन, मिनाचं बराबर आहे. शाळेत सरांना काय सांगायचं ते मी बघीन. संतराम हसंल, हसू दे. फळी तशीच राहील. कोठी मी परत खिडकीखाली नेणार नाही.

आन् आलात तर एवढं कर. सोळा तारखेच्या आधी पुनमला कळलं पाहिजे. तू सांगितलंस तर बरं, नाही तर मी सांगते, जैनबबीपुढं सांगीन, संतरामापुढं सांगीन, ज्यांच्यापुढं ते नाव घेतलं त्या सगळ्यांपुढं सांगीन. नव्या शाळेत त्या लेकरानं ते नाव घेऊन जाऊ नये. बिस्किटाचा तो डबा मी धुऊन, उन्हात वाळवून फळीवर ठेवलाय. तिच्या चिठ्ठ्या ठेवायच्या तर ठेवंल. नाही तर तिचं ती बघंल, आता टाकायला हरकत नाही.

अंगणवाडीचं मी काल 'नुसतं कळवलं' म्हणले. नुसतं नाही. तू फॉर्म भर. इथं राहायचं का पुण्यात हे तुझं तू ठरव, नवऱ्याशी बोल, माझ्यासाठी ठरवू नको. पण कागद हातात असताना ठरव. नऊ वरसांमागं मी तेवढंच तुझ्या हातातून काढून घेतलं होतं.

पाकीट पोचलं की एक घंटी देऊन ठेवून दे. बोलू नको. मी उचलणार पण नाही, नाही तर परत शेळीचं सांगीन. फोन मी फळीवर ठेवलाय, तिथं आवाज चांगला येतो.

पिवळे अंगठे ह्या पानांवर पण उठलेत, पुसले नाहीत.

पुनमला आधी एवढं सांग, कागद तिनं खाल्ला नाही.

तुझी आत्या,
प्रयागबाई कागदखाऊ